या झाडाचा महिना कोणता?

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘समकालीन कला आणि निसर्गचिंतन – वूल्फगांग लाईफ यांच्या प्रदर्शनांच्या निमित्ताने’. पहिली दुरुस्ती म्हणजे ते लाइब आहेत, लाईफ नाहीत. जर्मन कलावंत आहेत आणि 1950 सालचा जन्म. त्यांच्याकडे मी येणार आहे. अध्यक्षांनी पाऊण तास दिलाय आणि त्यातली मोठी वाटणी लाइब यांची आहे, असं मी घरून ठरवून आलोय. पण एप्रिलच्या नागपुरात संध्याकाळी सहाला तुम्ही घरचा कूलर सोडून इथे आलात, तेव्हा जे बरेच दिवस पोटात आहे ते आधी बोलून घेतो.

बोलायचंय ते थोडक्यात असं. निसर्गावरचं चित्र असो, शिल्प असो, नाहीतर हल्ली म्हणतात ते मांडणशिल्प असो, त्याच्यासमोर उभं राहून मला विचारता आलं पाहिजे, की बाबा रे, हा महिना कोणता? उत्तर मिळालं तर त्या कलावंताने निसर्ग पाहिलाय. नाही मिळालं तर त्याने निसर्गाची चित्रं पाहिलीत. आता मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. जन्मभर पोरांना पाकळ्या मोजायला लावल्या, म्हणून मला हे सुचतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आमची ही तर रोजच म्हणते.

मागच्या वर्षी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. इस्पितळाचं नाव सांगत नाही, कारण डोळा उत्तम झालाय आणि कृतघ्नपणा नको. तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालून बसवून ठेवतात, ते समोरच्या निम्म्या मंडळींना माहीत आहे, हसताय त्यावरून कळतंय. जवळचं काही दिसत नाही. पेपर वाचता येत नाही, मोबाइल उघडला तरी उपयोग नाही. लांबचं तेवढं दिसतं. आणि लांब, समोरच्या भिंतीवर, एक चित्र होतं. छताला भिडलेलं, चांगलं आठ-दहा फूट रुंद. खाली पितळी पट्टी, तिच्यावर ‘वसंत’.

डावीकडे पळस. फुलांनी लदलेला आणि त्याच वेळी पानांनीही गच्च. फांदीवर चोच उघडून गाणारी कोकिळा, अंगावर पांढरे ठिपके. म्हणजे मादी. अहो, गातो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी नुसती किक्-किक् करत या झाडावरून त्या झाडावर पळते. कवींनी तिला गायला लावलं, ते सोडून द्या. कविता ऐकायची असते, तपासायची नसते. पुढे चला. पळसाच्या मागे कदंब, त्याला पिवळे चेंडू लागलेले. कदंब फुलतो पावसाळ्यात. खाली गुडघाभर हिरवंगार गवत, त्यातून वाहणारा ओहोळ. फाल्गुन, श्रावण आणि थोडासा आश्विन एकाच चौकटीत! नर्सबाईंनी नाव पुकारेपर्यंत मी वर्षभर फिरून आलो.

इथपर्यंत काही विशेष नाही. असली चित्रं लग्नाच्या हॉलपासून बँकेच्या कॅलेंडरपर्यंत सगळीकडे आहेत. मला टोचलं ते निराळंच. पळसाची पानं तीन-तीन होती. मधलं मोठं, शेंड्याकडे रुंद होत गेलेलं, आणि बाजूची दोन जराशी तिरपी, एका अंगाला जास्त फुगलेली. ‘कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच’, ही म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पान मात्र कुणी पाहिलेलं नसतं. चित्रातल्या पळसाला सर्रास आंब्याची पानं असतात. इथे तीन तर होतीच, वर बाजूच्या दोघांचा तो तिरपेपणाही होता. म्हणीतून तो कळत नाही, पान हातात घेतल्याशिवाय नाही कळत. म्हणजे काढणारा बघणारा माणूस आहे! मग ज्याला पानाचा तिरपेपणा दिसला, त्याला फुलांच्या वेळी पळसावर पान नसतं, एवढं दिसलं नाही?

डोळे दाखवून झाले आणि मी काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीला म्हटलं, हे चित्र कुणी काढलं? तिला वाटलं मला विकत घ्यायचंय. म्हणाली, “सर, तिथं फोटो छान येतो, काढून देऊ का?” मी म्हटलं, नको, नंबर दे. नंबर मिळाला. घरी आल्यावर काळा चष्मा लावूनच फोन फिरवला. ही म्हणाली, “अहो, डोळ्याला आराम सांगितलाय.” मी म्हटलं, फोन कानाने करायचा असतो.

पोरगा निघाला इथलाच. चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालेला आणि बोलण्यात पक्का आपल्याकडचा. मी आधी पानांचं कौतुक केलं, मग महिना विचारला. तो दोन क्षण गप्प. मग म्हणाला, “सर, पानं तं तीन-तीनच काढली न मी. पार्टी म्हणून राहिली होती, हिरवं पाहिजे. बिनपानाचा पळस दाखवला तं म्हणे हे झाड वाळलं आहे. दवाखान्यात वाळलं झाड कोन लावते?” मी म्हटलं, आणि कोकिळा? “काळा काढला होता सर पहिले. मॅडम म्हणे, हा कावळा वाटते. आता दवाखान्यात कावळा, तुमीच सांगा!” (हशा)

हसू नका. खरं म्हणजे हसा, मीही हसलो. पण त्या पोराचं म्हणणं बिनतोड आहे. पुढे एका रविवारी तो घरी आला आणि पिशवीतून त्याने एक वही काढली. साधी, स्पायरलवाली, कोपरे दुमडलेली. पहिल्याच पानावर पळसाची एक डहाळी. कोपऱ्यात लिहिलेलं, ‘फेटरी, 26 फेब्रुवारी, सकाळी 8’. पान एकही नाही, म्हणजे एक आहे, मागच्या वर्षीचं, भोकं पडलेलं, देठाशी लोंबकळणारं. कळ्यांच्या बुडाशी ते काळपट तपकिरी टोपण असतं ना, मखमली, तेच फुलाच्या देठावरही उतरलेलं असतं, ते त्याने पेन्सिलीने इतकं बारीक गिरवलं होतं की बोट फिरवून बघावंसं वाटलं. त्या काळ्यातून केशरी चोच बाहेर येते. पळसाच्या फुलाचा लाल आपल्याला एवढा पेटलेला दिसतो, तो त्याच्या बुडाशी असलेल्या ह्या काळ्यामुळे. आणि हा काळा रंग एकाही कॅलेंडरवाल्याने वापरलेला नाही. पुढच्या पानावर तीच डहाळी, तारीख मार्चमधली. निम्मी फुलं गळालेली, मुंग्या चढतायत. त्याच्या पुढच्या पानावर शेंगा. चपट्या, फिकट हिरव्या, बी फक्त टोकाला आणि तेही एकच. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवत असे, आणि परीक्षेत ते वाटाण्याची शेंग काढून येत.

मी त्याला म्हटलं, अरे, हे का नाही लावत भिंतीवर? तो म्हणाला, “हे कोन घेते सर?”

माझी तक्रार त्या पोराबद्दल नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. ती आपल्याबद्दल आहे. निसर्ग म्हणजे हिरवं, आणि हिरवं म्हणजे बरं, हे आपण इतकं पक्कं करून टाकलंय की आपल्याच भागातला वसंत आपल्याला आजारी वाटतो. विदर्भातला वसंत कोरडा असतो हो! पानं नसतात, धूळ असते, दुपारचे फुफाटे सुरू झालेले असतात, आणि त्यात झाडं फुलतात. फेब्रुवारीत पळस. मार्चमध्ये कुसुमाच्या झाडाला कोवळी पालवी येते, ती लालभडक. लांबून बघणाऱ्याला वाटतं फुलंच आहेत. पिंपळाची पालवी तांबूस, कडुनिंबाचीही. हिरवा रंग आपल्याकडे चैत्र पुढे सरकल्यावर येतो.

आणि मोह. मोहाचं चित्र तर मला कुणीतरी दाखवावंच. झाडावर पान नाही, फांद्यांच्या टोकांना घोस, आणि पहाटे पहाटे फुलं टप टप खाली. फिकट पिवळी, फुगीर, दाबलं की रस येणारी. खाली जमीन काळी असते. का काळी? वेचणारे लोक आधी पालापाचोळा जाळून टाकतात, म्हणजे फुलं दिसतात. ह्यातूनच कधी कधी वणवे लागतात, वनखात्याची डोकेदुखी आहे ती, मला माहीत आहे. पण डोळ्यांनी बघायला गेलं तर काळ्या राखेवर पिवळी फुलं, त्यात वाकलेल्या बायका, टोपल्या, आणि सूर्य अजून वर आलेला नाही. मार्चअखेर ते एप्रिल. हे चित्र मी नागपूरच्या एकाही दालनात पाहिलेलं नाही. नारळाची झाडं मात्र पुष्कळ पाहिली. नागपुरात! दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळ. आपल्या इथले डोंगर त्रिकोणी नाहीत. सेमिनरी हिल्स बघा, पसरट आहे. पण शाळेत मूल पसरट टेकडी काढतं आणि मास्तर वर टोक काढून देतात.

तसंच ताडोब्याचं. मार्चमध्ये जिप्सीत बसून जा. वर कुसुम लाल झालेला आहे, सालईची खोडं उन्हात गुळगुळीत चमकतायत, आणि गाडीत एकच वाक्य चाललेलं असतं, “दिसला का?” समोरून दुसरी गाडी येते, तिच्यातलेही तेच विचारतात. वाघ दिसावा, माझी काही हरकत नाही. पण वाघ वर्षभर पट्टेरीच असतो, महिना सांगायला तो निरुपयोगी. (हशा)

थांबा, एक राहिलं. तुम्ही म्हणाल, महिना बघायला ताडोब्याला कशाला, घरासमोर झाड आहे. बरोबर. आमच्या गल्लीत करंज होते. करंजाचं पान मी तुम्हाला बघायला सांगणार होतो, कारण जगात एवढं लिहिलेलं पान दुसरं नसेल. मार्च-एप्रिलमध्ये नवं येतं ते पोपटी, चकचकीत. मग त्याच्या आत एक अळी शिरते आणि पानाच्या दोन थरांमधून खात खात जाते, तिची पांढरी नागमोडी वाट वरून दिसते. मग कोळ्याच्या जातीतले सूक्ष्म जीव येतात, त्यांच्यामुळे पानावर बोटांसारख्या गाठी उभ्या राहतात. पावसाळा संपेपर्यंत पानावर सगळा हिशेब लिहून झालेला असतो. तर आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि उरलेल्या जागेत सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरशीचे ठोकळे, बसवले. थेट खोडापर्यंत. बोटभर माती ठेवली नाही. मी ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, पाणी कुठून जाईल? तो म्हणाला, “काकाजी, झाडाले कोन पाणी देऊन राहिलं इतं?” दोन करंज गेले. ज्या कुठल्या खात्याचं हे काम होतं त्याच्याकडे दिलेल्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, झाडं नाहीत. असो. हा विषय निघाला की माझा रक्तदाब वाढतो आणि ही तिसऱ्या रांगेतून खुणा करतेय.

आता प्रदर्शनांकडे येतो. अलीकडे एक नवं पीक आलंय, ‘अंतर्मुख करणारं’ प्रदर्शन. मुंबई-पुण्यात आहेच, आपल्याकडेही आलं. दालनात अंधार करतात. बासरी लावतात. कुठेतरी पितळी घंगाळात पाकळ्या तरंगत असतात. भिंतीवर निळसर-हिरवे धुके-धुके रंग, आणि माहितीपत्रकात लिहिलेलं, ‘निसर्गाच्या कुशीतला मौनानुभव’. मी अशा ठिकाणी जातो, प्रामाणिकपणे उभा राहतो, आणि पाच मिनिटांत मला चहाची आठवण येते. कारण बघायला काही नसतं. शांत वाटतं, नाही असं नाही. पण एसी लावलेल्या कुठल्याही अंधाऱ्या खोलीत नागपूरच्या माणसाला शांतच वाटतं, त्यात कलेचा काय संबंध? घंगाळातल्या पाकळ्या कसल्या म्हणून एकदा विचारलं. “गुलाबाच्या, सर.” कुठला गुलाब, केव्हाचा? बर्डीच्या बाजारातून सकाळी आणलेला. बाराही महिने मिळणारा.

चिंतन असं वरून ओतता येत नाही, एवढं मला कळतं. ते बघण्याच्या कष्टातून येतं, आणि बघण्याला तारीख असते. जुन्यांना हे ठाऊक होतं. जर्मन चित्रकार ड्यूररचं गवताचं चित्र आहे, 1503 सालचं, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात. उंची सुमारे 40 सेंटीमीटर, मोठं काही नाही. विषय काय, तर पायाखालच्या मातीचा एक तुकडा आणि त्यावरचं रान. ना देव, ना राजा. आज वनस्पतिशास्त्रज्ञ त्यातली एकेक जात नावानिशी सांगतात, यारो आहे, प्लँटेन आहे, डँडेलियन आहे. आणि डँडेलियनची फुलं मिटलेली आहेत! फुलताना काढायचा मोह कुणाला झाला नसता? ह्याने मिटलेली काढली, कारण समोर मिटलेली होती.

आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून सरस आहे. मुघल दरबारातला चित्रकार, उस्ताद मन्सूर. जहांगीर बादशहाने त्याला ‘नादिर-उल-अस्र’ म्हटलं, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय. 1620 च्या वसंतात बादशहा काश्मीरला गेला आणि तिथली फुलं त्याने मन्सूरकडून काढून घेतली. शंभराहून जास्त, असं बादशहाने स्वतःच लिहून ठेवलंय. आज त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. ती कुठल्या ऋतूत काढली, हे आपल्याला चारशे वर्षांनी माहीत आहे, कारण ती त्या ऋतूतच काढली होती. आणि हा जहांगीर! दारू-अफूचे किस्से आपण चवीने सांगतो. पण ह्याच माणसाने सारसाची एक जोडी पाळली होती, नावं ठेवली होती लैला आणि मजनू. पाच वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. मीलन, अंडी, अंड्यांवर नर कधी बसतो, मादी कधी बसते, सगळ्याची नोंद बादशहाने करून ठेवलीय. आपल्या गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारस अजून घरटी करतात, महाराष्ट्रात ते मुख्यतः तिथेच उरलेत. गोंदियाला जाऊन पाच वर्षं सारस काढत बसलेला चित्रकार मला दाखवा, मी त्याच्या प्रदर्शनाला बासरी असली तरी येईन.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. अध्यक्ष सभ्य आहेत, चिठ्ठी पाचची असायला हवी होती. मग लाइब.

लाइब शिकले वैद्यक. ट्युबिंगेनला, 1974 मध्ये डॉक्टर झाले. प्रबंध कशावर, तर दक्षिण भारतातल्या खेड्यांतल्या पिण्याच्या पाण्याच्या स्वच्छतेवर. त्यासाठी इकडे येऊन राहिले होते, आणि भारताशी त्यांचा संबंध पुढेही टिकला. डॉक्टर झाले आणि डॉक्टरकी केली नाही. 1975 मध्ये त्यांनी ‘दुधाचा दगड’ केला. पांढऱ्या संगमरवराची शिळा, वरचा भाग घासून घासून अगदी किंचित खोलगट केलेला, कडा तेवढ्या शाबूत. त्यात दूध ओतायचं, काठोकाठ. मग दगड कुठे संपतो आणि दूध कुठे सुरू होतं ते कळत नाही. काही तासांनी दूध काढायचं, दगड धुवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतायचं. पहिल्या दिवशी ते स्वतः ओततात, पुढे संग्रहालयाची माणसं. आपल्याला लगेच अभिषेक आठवतो. आठवू द्या, पण एक फरक आहे. अभिषेकात दूध वाहून जातं, इथे ते थांबवून बघायचं असतं. आणि दूध थांबत नाही, ते आंबतं. म्हणून रोज. ह्या कलाकृतीला महिनाच काय, घड्याळ आहे.

1977 पासून ते परागकण गोळा करतात. दक्षिण जर्मनीत लहानशा गावात राहतात, आसपासच्या कुरणांत आणि रानात जायचं आणि हाताने फुलं हलवून पराग बरणीत घ्यायचा. एकट्याने. आधी हेझेलनट. चॉकलेटमध्ये असतो तोच, त्याचं झुडूप. त्याला पानं यायच्या आत, थंडी सरताना, नरफुलांचे तुरे लोंबतात आणि वाऱ्यावर पराग सोडतात. म्हणजे आपल्या पळसासारखंच, आधी फूल मग पान! मग डँडेलियन, मग बटरकप, मग पाइन. सबंध मोसम राबून काही बरण्या भरतात. प्रदर्शनात ते कधी नुसत्या बरण्या ठेवतात, कधी परागाचे बोटभर उंचीचे पाच ढीग, आणि त्यांना नाव ‘चढून न जाण्याचे पाच डोंगर’. कधी चाळणीतून जमिनीवर चाळतात.

2013 च्या फेब्रुवारीत आम्ही मुलीकडे गेलो होतो तेव्हा न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हा चाळलेला पराग होता. 18 फूट बाय 21 फूट, सगळा हेझेलचा, 1990 च्या दशकाच्या मध्यापासून साठवलेला. ही म्हणाली, “अहो, हळदच ना ही?” आणि खरं सांगतो, प्रश्न अगदी योग्य होता. फक्त हळद अशी दिसत नाही. हळद जमिनीवर बसते. हा पिवळा बसलेला नव्हता. त्याची कड कुठे आहे यावर नजर ठरेना. हेझेलचा एक कण म्हणजे मिलिमीटरचा साधारण चाळिसावा भाग, वाऱ्याने न्यायचा म्हणून हलका आणि कोरडा. शास्त्र एवढंच, आणि त्याच्यासमोर लोक आवाज खाली करून बोलत होते. अंधार नव्हता, बासरी नव्हती, लख्ख उजेड होता. वरच्या मजल्यांवरूनही खाली डोकावता येत होतं. माझ्या डोक्यात सारखं येत होतं, की फेब्रुवारी आहे, तिकडे त्याच्या गावच्या रानात हेझेल आत्ता पराग सोडायच्या बेतात असेल आणि हा माणूस परत जाऊन बरणी घेऊन निघेल. एवढी वर्षं इतक्या बरण्या म्हणजे तेवढ्या वेळा तोच महिना. मी ज्याला महिना म्हणतोय ते हे. चित्रात तो दिसायलाच हवा असा माझा आग्रह होता. लाइबकडे तो चित्रात दिसत नाही, कामात मुरलेला आहे, आणि तरी समोर उभ्या माणसाला पोचतो. कसा पोचतो यावर माझी अजून दोन पानं आहेत, ती जाऊ देत.

नक्कल करायची नाही, एवढं मात्र सांगतो. उद्या आपल्याकडे कुणीतरी पोतंभर हळद पसरेल आणि खाली लिहील ‘लाइबपासून प्रेरित’. हळद बाजारात बारमाही आहे. आणि परागही इथे तसा जमणार नाही, कारण आपला पळस पक्ष्यांवर अवलंबून आहे, करंज मधमाश्यांवर. त्यांचा पराग चिकट, वाऱ्यावर उडणारा नाही. चाळणीला लागून बसेल. इथल्या माणसाने इथलं काहीतरी शोधावं लागेल. त्या पोराला मी म्हटलंय, ती वही फाडून चौकटीत लावू नकोस, वहीच टेबलावर ठेव, लोकांना पानं उलटू दे, तारखा वाचू दे. तो विचार करतोय. दालनाचं भाडं कोण भरणार हा त्याचा पहिला प्रश्न आहे. इथे बसलेल्यांपैकी कुणाला त्याचं उत्तर माहीत असेल तर नंतर भेटा.

दुसरी चिठ्ठी आली. ही कोरी आहे, म्हणजे राग आलेला दिसतो. मघाशी कुणीतरी विचारलं, की दुधाचा दगड नागपुरात मांडता येईल का. येईल, डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचं भाषण होईपर्यंत दही लागेल. लाइब यांनी नवग्रहांसाठी पितळेच्या ताटल्यांत तांदूळ मांडला होता, तो राहिलाच. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा.